खिडकीची दुरुस्ती की नवी खिडकी? : वर्धा जिल्ह्यातील गृहरचनेचा एक प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील जुन्या घरांत सागवानी चौकटीची व लोखंडी गजांची खिडकी अद्याप आढळते. ती अडू लागली, की उखडून तिच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसविण्याकडे आज कल दिसतो. हा उपाय पुष्कळदा रोग न ओळखताच योजलेला असतो.

खिडकी अडण्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले लाकडाच्या धर्मात आहे. ओलाव्याने लाकूड आडव्या दिशेने फुगते. उभ्या तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही. श्रावणात अडलेली झडप कार्तिकानंतर बहुधा आपोआप मोकळी होते. पावसाळ्यातच तिच्यावर रंधा चालविला, तर उन्हाळ्यात तेथे फट पडते. दुसरे कारण जमिनीत आहे. येथील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज विपुल असल्यामुळे ती पावसात फुगते व वैशाखात भेगाळते. उथळ पायाची भिंत तिच्याबरोबर हलते आणि चौकट काटकोनातून सुटते. अशा भिंतीत नवी चौकट बसविली, तरी मूळ दोष कायमच राहतो.

कुजण्याचा आरंभ बहुधा चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात होतो. कारण पाणी तेथे साचते. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत तिरका कापून तेथे मुरलेल्या सागाचा जोड देता येतो. पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार मात्र आधी साधला पाहिजे. लाकडाच्या रक्षणासाठी जवसाचे तेल उपयुक्त ठरते. जवस हे विदर्भाचे जुने पीक. त्याचे तेल वाळते ते उडून जाऊन नव्हे, तर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून. त्यामुळे त्याचा थर लाकडाला धरून राहतो. त्यात खडूची भुकटी मळली, की काचेभोवती भरावयाची ‘लांबी’ तयार होते. ओल्या लाकडावर तेल किंवा रंग देणे घातक होय; ओल आत कोंडली जाते.

ॲल्युमिनियम सागाच्या हजारपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे तापणाऱ्या या प्रदेशात हा भेद उपेक्षणीय नाही.

प्रश्न केवळ खर्चाचा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांनी चालविले. त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्थायी अर्थव्यवस्थेचा विचार मांडला. सेवाग्रामची बापू कुटी त्याच परिसरातील. माती, बांबू व कवेलू यांची ही वास्तू टिकली आहे, ती तिचे साहित्य अविनाशी म्हणून नव्हे, तर झिजलेला अवयव तेवढाच बदलता येतो म्हणून. लाकडी खिडकीचाही हाच गुण आहे.

वाळवीने चौकट आतून पोकळ केली असल्यास ती बदलणेच योग्य. परंतु तो निर्णय परीक्षेनंतर घ्यावयाचा असतो, आणि ती परीक्षा करणारा सुतार गावात असावा लागतो. दुरुस्तीची मागणी संपली, की त्याची विद्याही संपते. आणि त्यानंतर दुरुस्त करण्याजोगी खिडकीही टाकाऊच ठरते.