गॅसच्या जुन्या सिलिंडरची हवेची टाकी का करू नये?

भोर-वेल्ह्यातल्या तरुणाला गावाजवळ राहून स्वतःचा धंदा करायचा असेल, तर पंक्चरचे दुकान हा कमी भांडवलाचा मार्ग डोळ्यांसमोर येतो. पुणे-सातारा महामार्ग भोर तालुक्यातून जातो. नसरापूर, कापूरहोळ, किकवी या पट्ट्यात वाहनांना तोटा नाही. जॅक, पाने, टायर काढायच्या पहारी जमवता येतात. गाडी अडते ती कॉम्प्रेसरपाशी. मग कोणीतरी सांगतो, "भंगारातून गॅसचे जुने सिलिंडर घे, वेल्डिंग करून नळी काढ, झाली हवेची टाकी!" मोबाईलवर तसे व्हिडिओही सापडतात. हा सल्ला स्वस्त आहे, पण त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून त्यामागचे तंत्र समजून घेऊ.

सिलिंडर तर मजबूत असते ना?

असते. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरची चाचणी चौरस सेंटिमीटरला 25 किलो दाबावर होते. पंक्चरच्या दुकानात 8 ते 10 किलो दाब पुरतो. या हिशोबामुळेच अनेकजण फसतात. कारण ती चाचणी धड, न कापलेल्या सिलिंडरची असते. कारखान्यात वेल्डिंगनंतर सिलिंडर भट्टीतून काढून पत्र्यातला ताण घालवलेला असतो. आपण गॅरेजमध्ये त्याला भोक पाडून नवा सांधा जोडला की तिथला पत्रा कमजोर होतो आणि जुन्या चाचणीला अर्थ उरत नाही.

पहिला धोका : कापतानाच स्फोट

शेगडी पेटत नाही म्हणजे सिलिंडर रिकामे झाले असे नाही. आत गॅसची वाफ भरलेलीच असते. तळाशी तेलकट गाळ राहतो, तो तापला की पुन्हा वाफ सोडतो. हवेत साधारण 2 ते 9 टक्के गॅस मिसळला तरी एक ठिणगी पुरते, आणि ग्राइंडर तर ठिणग्यांचा पाऊसच पाडतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो. वास येत नाही म्हणून गॅस नाही, असे धरून चालू नये.

दुसरा धोका : आतला गंज

आपल्याकडच्या पावसात हा मुद्दा सर्वात मोठा. हवा दाबली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 33 लिटर जागा असते. पावसाळी हवा 8 किलो दाबाने भरली, तर एका भरण्यात चहाचा चमचाभर पाणी सुटते. दिवसात वीस वेळा टाकी भरली तर अर्ध्या पेल्याहून जास्त. हवेच्या टाकीला तळाशी पाणी सोडायचा कॉक असतो. गॅस सिलिंडरला तोंड फक्त वर. पाणी तळाशी साचते, पत्रा आतून खात जाते आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो.

फुटले तर काय होते? 33 लिटर हवेत 8 किलो दाबाला जी शक्ती साठते, ती सुमारे 400 किलोचे वजन 10 मीटरवरून पडावे एवढी असते. ती एका क्षणात सुटते आणि टाकीशेजारी बसलेला माणूस बहुधा दुकानदार स्वतः असतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत ग्राहक टाकी स्वतः विकत घेतो, त्यामुळे तिथले व्हिडिओ आपल्याला लागू नाहीत. आपण फक्त अनामत भरतो. सिलिंडर कंपनीच्या मालकीचे राहते. ते भंगारात विकणे किंवा कापणे हा गुन्हा ठरू शकतो. गॅस सिलिंडर नियम, 2016 नुसार सिलिंडर ज्या गॅससाठी बनले त्याखेरीज दुसरे काही त्यात परस्पर भरता येत नाही. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. घरात जादा सिलिंडर पडले असेल तर कागदासह वितरकाकडे परत करा. अनामत परत मिळते.

मग करायचे काय?

जुना का होईना, पण हवेसाठीच बनवलेला कॉम्प्रेसर घ्या. घेताना पाच गोष्टी पाहा : दाब लिहिलेली पाटी, चालू स्थितीतला दाबमापक, सेफ्टी व्हॉल्व्ह, ठरलेल्या दाबाला मोटर बंद करणारा स्विच आणि तळाचा कॉक. टाकीची पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्या. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी कच्ची असली तरी गळते, उडत नाही. दुकान सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी पाणी सोडा. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये खिळा किंवा बोल्ट ठोकून तो कधीही बंद करू नका.

पैशांचा प्रश्न खरा आहे. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50 हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान व बीजभांडवल योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहेत. तरुण तिथपर्यंत पोहोचत नाहीत, कारण जातीचा दाखला, दरपत्रक, प्रकल्प अहवाल यांतच ते अडकतात. इथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. आपल्या वस्तीतला कोणी भंगारातले सिलिंडर शोधत असेल, तर त्याला नुसते "नको" म्हणून परत पाठवू नका. त्याच्यासोबत बँकेत जा.