परकोटावरील पिंपळ

१९६४ पर्यंत चांदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूर शहरास गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार दरवाजांच्या आत वस्ती दाटत गेली. परकोटाचा माथा किंवा रामाळा तलावाचा काठ यांसारख्या मोकळ्या, हिरव्या जागा जुन्या शहरात आता थोड्याच.

परंतु परकोटावरील सर्वच हिरवळ हितकर नव्हे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा वडाचे बी चुन्याच्या सांध्यात पडते. प्रथम सुतासारखे असणारे मूळ ओलावा शोधीत भिंतीत उतरते, वर्षानुवर्षे जाड होते आणि दगड जागचा हलवते. वरून फांद्या छाटल्याने काहीच साधत नाही. खोडास पुन्हा धुमारे फुटतात. मूळ ओढून काढावे, तर दगडही निखळतात. मूळ आतच मेले, तर ते कुजून पोकळी राहते व तीत पावसाचे पाणी शिरते.

इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ साली परकोटावरील झाडोरा व कचरा काढण्याचे श्रमकार्य हाती घेतले. त्यामुळे झाकलेले बुरूज दिसू लागले, माथ्यावरून चालता येऊ लागले. पुढे नागरिकांची पदभ्रमंतीही सुरू झाली. तथापि झाडोरा काढणे हा कामाचा सोपा भाग होय. उघडे पडलेले सांधे जाणत्या गवंड्याकडून चुन्याने भरून न घेतल्यास पुढील पावसाळ्यात त्याच फटीत नवा पिंपळ उगवतो. भिंतीपासून दूर, जमिनीत रुजलेल्या वृक्षांस मात्र कुऱ्हाड लावण्याचे कारण नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात त्यांची सावली रहिवाशांस हवीच असते.