पर्यायी विमानतळ

पावसाळ्यांत मुंबईस यावयास निघालेलें विमान कधीं अहमदाबादेस, तर कधीं गोव्यास जाऊन उतरतें. प्रवासी संतापतात. घरीं वाट पाहणारे विचारतात, "पुणें इतकें जवळ असतांना एवढ्या लांब नेण्याचें कारण काय ?" प्रश्न रास्त आहे. परंतु पुण्याचा विमानतळ मूळचा हवाई दलाचा. तेथें नागरी विमानांना जागा मोजकी. एकामागून एक दहा विमानें तिकडे वळलीं, तर त्यांना उभें करावयाचें कोठें ? असले विचार आकाशांत गेल्यावर करीत बसतां येत नाहींत. ते उड्डाणापूर्वींच कागदावर करावे लागतात.

ढगांत शिरलेल्या वैमानिकास खालची जमीन दिसत नाहीं. समोरच्या उपकरणांवर नजर ठेवून, आंखून दिलेल्या मार्गानें तो धावपट्टीकडे उतरत येतो. या उतरण्यास एक किमान उंची ठरलेली असते. तेथपर्यंत येऊन धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरावयाचें. न दिसले तर विमान पुन्हां वर न्यावयाचें. (कांहीं मोठ्या विमानतळांवर दाट धुक्यांतहि यंत्राच्या साहाय्यानें विमान उतरवितां येतें, तो विशेष प्रकार आज बाजूस ठेवूं.) वर गेल्यावर पुढें कोठें जावयाचें, याचें उत्तर म्हणजे पर्यायी विमानतळ.

अमेरिकेंत खासगी व सर्वसाधारण उड्डाणांसाठीं याचा जो नियम आहे, तो तेथील विद्यार्थी "एक-दोन-तीन" असा पाठ करतात. पोहोंचण्याच्या अपेक्षित वेळेच्या १ तास आधींपासून १ तास नंतरपर्यंत ढगांचा तळ विमानतळापासून निदान २००० फूट उंच आणि दृश्यता निदान ३ मैल राहील असा अंदाज असेल, तर पर्यायाची सक्ती नाहीं. यांतील एकहि गोष्ट उणी पडली कीं पर्याय लिहावाच लागतो. आणि पर्याय म्हणून कोणताहि विमानतळ चालत नाहीं. दिशा व उतार या दोहोंचें अचूक मार्गदर्शन असेल तेथें ६०० फूट व २ मैल, तसें नसेल तेथें ८०० फूट व २ मैल असा अंदाज पाहिजे. कांहीं विमानतळांवर तर याहूनहि अधिक. मौज अशी कीं अचूक मार्गदर्शन असल्यास वैमानिक सामान्यतः २०० फुटांपर्यंत खालीं येऊं शकतो. मग कागदावर तिप्पट उंची कां ? कारण कित्येक तास आधीं केलेला हवामानाचा अंदाज चुकण्यास वाव ठेवलाच पाहिजे. हा कडक दंडक निवडीपुरता आहे. प्रत्यक्ष तेथें उतरतांना नेहमींचीच किमान उंची लागू होते.

पण आंकडे जुळले म्हणजे निवड साधली असें नव्हे. किनाऱ्यावरील विमानतळास त्याच किनाऱ्यावरचा दुसरा पर्याय धरणें म्हणजे एकाच गळक्या छपराखालीं दोन अंथरुणें घालण्यासारखें आहे. १८ ऑगस्ट २०१५ रोजीं दोहाहून कोचीस आलेल्या एका विमानानें तेथें तीन वेळां उतरण्याचा प्रयत्न केला. तें साधेना म्हणून तें तिरुवनंतपुरमास गेलें. तेथेंहि तीन प्रयत्न फसले. सातव्या खेपेस तें सुखरूप उतरलें, तेव्हां टाक्यांत फारच थोडें इंधन उरलें होतें. उलट, लांबचा पर्याय धरावा तर इंधन अधिक, म्हणजे वजन अधिक. आणि तें वाढीव वजन वाहण्यासाठीं पुन्हां इंधन जळतें. या ओढाताणींतच निवडीचें खरें कौशल्य आहे.

अमेरिकन नियमानें विमानांत तीन हिशेबांचें इंधन लागतें : मुक्कामापर्यंतचें, तेथून पर्यायापर्यंतचें, आणि त्यावर ४५ मिनिटांचें. म्हणजे पर्यायास एक मुदत असते. मुक्कामावर घिरट्या घालतां घालतां दुसरा हिशेब खर्चीं पडूं लागला, कीं तो विमानतळ नकाशावर असूनहि आपल्यापुरता नाहींसा होतो.

२५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियांतील बोगोटाहून मेडेयिनमार्गें न्यूयॉर्कला आलेल्या आव्हियांका कंपनीच्या ५२ क्रमांकाच्या उड्डाणाचें असेंच झालें. हवा वाईट, विमानांची दाटी. त्या बोइंग ७०७ विमानास वाटेंत तीन ठिकाणीं मिळून १ तास १७ मिनिटें घिरट्या घालीत थांबविलें गेलें. पर्याय होता बॉस्टन. नियंत्रकानें पर्याय विचारला तेव्हां उत्तर आलें, कीं बॉस्टन. पण आतां तेथें जाणें शक्य नाहीं. पुढें केनेडी विमानतळावर उतरण्याचा प्रयत्न फसला, विमान वर न्यावें लागलें, आणि परत वळून येतांना एकामागून एक इंजिनें बंद पडलीं. लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथें तें कोसळलें. १५८ जणांपैकीं ७३ दगावले. आग लागली नाहीं, कारण जळण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें.

चौकशींत एक गोष्ट ठळकपणें पुढें आली. वैमानिकांनीं "अग्रक्रम" मागितला होता. "आणीबाणी" हा शब्द उच्चारला नव्हता. नियंत्रकास या दोहोंत फार अंतर दिसतें. आंतरराष्ट्रीय नियमांत आज त्यासाठीं शब्द ठरलेले आहेत. "किमान इंधन" म्हणजे आतां आणखी विलंब सोसवणार नाहीं, पण अद्याप संकट नाहीं; आणि उतरतांना शेवटच्या राखीव सांठ्यासहि हात लागेल असें दिसूं लागलें, कीं "मेडे" तीनदां उच्चारून पुढें "इंधन" म्हणावयाचें.