न जुळलेल्या नळ्या

माझ्या भाच्याने आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही. तरी स्वादुपिंडाला सूज आली तेव्हा डॉक्टरांनी तीनदा विचारले, "घेता का?" प्रश्न रास्तच होता. दारू आणि पित्ताचे खडे ही या दुखण्याची नेहमीची कारणे. पण मोहल्ल्यात कुजबुज झाली आणि माझी आपा मान खाली घालून वावरू लागली.

पुढे एमआरआयमध्ये वेगळेच दिसले. आईच्या पोटात स्वादुपिंड दोन कोंबांतून वाढते. सातव्या आठवड्याच्या सुमारास धाकटा कोंब वळून थोरल्याला मिळतो, मग दोघांच्या नळ्या जोडल्या जातात. शंभरातल्या पाच ते दहा जणांत त्या जुळतच नाहीत. डॉक्टर याला 'पॅन्क्रियाज डिव्हिझम' म्हणतात. मोठ्या भागाचा पाचक रस मग छोट्या तोंडातून आतड्यात उतरतो. बहुतेकांना याचा जन्मभर पत्ताही लागत नाही. काहींचा रस मात्र तुंबतो आणि सूज येऊ शकते. म्हणून इतर कारणे तपासून वगळल्यावरच डॉक्टर या ठेवणीकडे बोट दाखवतात.

पोट धरून बसलेल्या माणसाविषयी कुजबुजण्याआधी एवढे आठवावे. आपाला तो रिपोर्ट घरोघरी दाखवावा लागला.