रायफलचा नेम बिघडतो तेव्हा : दोष हाताचा, काडतुसाचा की नळीचा?

पन्नास मीटर रायफल प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी याच प्रकाराच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याआधी पात्रता फेरीत 600 पैकी 590 गुण मिळवून तो अंतिम आठ जणांत सातव्या क्रमांकाने पोहोचला होता. साठ गोळ्यांत केवळ दहा गुण गमावूनही सातवा क्रमांक मिळावा, इतक्या बारीक फरकावर हा खेळ चालतो.

साहजिकच कालपर्यंत एकाच ठिकाणी गोळ्या लावणारी रायफल अचानक त्या विखरू लागली, तर नेमबाजाची झोप उडते. अशा वेळी घाईने काढलेला निष्कर्ष महागात पडतो. आयात केलेली चांगली काडतुसे बाजूला ठेवली जातात, निर्दोष नळी ब्रशने घासून खराब केली जाते किंवा निवड चाचणीच्या तोंडावर एखादा तरुण खेळाडू आपली योग्य असलेली पद्धतच बदलून बसतो. दोष शोधण्याची वाट मात्र ठरलेली आहे : बाहेरून आत जावे, स्वस्त उपायाकडून महाग उपायाकडे जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

रिमफायर काडतुसाचे वेगळेपण

या स्पर्धांत 5.6 मिलिमीटर म्हणजेच पॉइंट टू-टू कॅलिबरचे काडतूस वापरले जाते. त्यात ठिणगी देणारे मिश्रण पुंगळीच्या मध्यभागी नसून तळाच्या पोकळ कडेत पसरलेले असते. फायरिंग पिन ही कड चेपते आणि स्फोट होतो. कड चेपली जावी म्हणून पुंगळी पातळ ठेवावी लागते. एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या कॅलिबरचे नेमबाज दारूचे वजन आपल्या रायफलला साजेल असे स्वतः ठरवू शकतात. रिमफायरच्या नेमबाजाला मात्र कारखान्यातून आलेल्या मालातूनच निवड करावी लागते. म्हणूनच येथे काडतुसाची निवड हा अचूकतेचा मोठा भाग ठरतो.

पहिली चाचणी नेमबाजाची

रायफलला हात लावण्यापूर्वी माणूस आणि यंत्र यांना वेगळे करणे आवश्यक असते. रायफल भक्कम टेकूवर ठेवून, वारा शांत असताना, ओळखीच्या काडतुसांनी गोळ्या झाडल्या जातात. टेकूवर ग्रुप घट्ट आला आणि खांद्यावर विखुरला, तर कारण पट्ट्याची पकड, गालाची ठेवण, श्वास किंवा ट्रिगर यांत शोधावे लागते. टेकूवरही विखुरला, तरच रायफल व काडतूस यांच्याकडे वळणे योग्य.

येथे सर्वाधिक फसवणूक होते ती अपुऱ्या गोळ्यांमुळे. एकाच रायफलमधून, एकाच काडतुसाने झाडलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या दोन ग्रुपांत केवळ योगायोगानेही दुपटीचा फरक पडू शकतो. दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे पाव हिश्शाने मोठा येतो, त्यामुळे त्यांची परस्पर तुलनाही निरर्थक ठरते. एका सुंदर ग्रुपवरून रायफल सुधारली असे मानणे आणि एका वाईट ग्रुपवरून ती बिघडली असे मानणे, दोन्ही सारखेच धोक्याचे. समान संख्येच्या गोळ्यांचे अनेक ग्रुप पाहूनच मत बनवावे.

विखुरण्याचा आकारही बोलका असतो. गोळ्या आडव्या पसरल्या, तर प्रथम वाऱ्याचा संशय घ्यावा. सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा पन्नास मीटरवर गोळीला सुमारे सहा मिलिमीटर ढकलतो. गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या, तर वेगातील फरक, श्वासाची लय किंवा फायरिंग पिनचा असमान आघात ही कारणे संभवतात. दोन स्वतंत्र पुंजके दिसले, तर बहुधा एखादा भाग सैल असून तो दोन जागांमध्ये हलत असतो.

स्क्रू, साइट आणि दस्ता

तपासणीची सुरुवात स्क्रूंपासून होते. ती करताना रायफल रिकामी असल्याची खात्री करणे, बोल्ट काढून ठेवणे आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवणे हे नियम अपवादाविना पाळले जातात. यंत्रणा दस्त्याला जखडणारे स्क्रू सैल झाले, की प्रत्येक धक्क्यानंतर नळी किंचित वेगळ्या जागी बसते. ते अंदाजाने आवळणेही चुकीचे, कारण कमी-अधिक दाबाने नळीची कंपने बदलतात. उत्पादकाने सांगितलेल्या मापाला टॉर्क रेंचने ते कसले जातात.

त्यानंतर पुढची व मागची साइट किंवा दुर्बिणीचे माउंट हलत नाही ना, हे पाहिले जाते. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो; पावसाळ्यात किनारपट्टीवर सराव करणाऱ्याला हा फरक जाणवू शकतो. नळी मोकळी राहावी अशी रचना असेल, तर तिच्या व दस्त्याच्या फटीतून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे. ती अडकली, तर दस्ता नळीवर दाब देत आहे असे समजावे.

काडतुसाचा लॉट

स्क्रू व साइट निर्दोष असतील, तर पुढचा प्रश्न काडतुसांचा. स्पर्धेच्या काडतुसातील शिशाची गोळी साधारण 2.6 ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाने सुटते. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळीला बसणारे हेलकावे टाळण्यासाठी हा वेग निवडलेला असतो. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर गुरुत्वाकर्षणामुळे त्या पन्नास मीटरवर सुमारे आठ मिलिमीटर वर-खाली लागतात. दहाच्या वर्तुळापुढे हा फरक मोठा आहे.

एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एका नळीत अगदी वेगळे वागू शकतात. शेजारच्या खेळाडूच्या रायफलमध्ये उत्तम ठरलेला लॉट आपल्या रायफलमध्ये सामान्य ठरतो, तो यामुळेच. ब्रिटनमधील एली किंवा जर्मनीत रिमफायर काडतुसे बनवणारी लापुआ या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात. तेथे ती जखडून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडल्या जातात आणि जुळणारा लॉट मोठ्या संख्येने विकत घेतला जातो. ज्याला तेथे जाणे शक्य नाही, त्याने आपल्या क्लबमध्ये उपलब्ध असलेल्या दोन-तीन लॉटांची टेकूवर तुलना केली, तरी पुष्कळ उलगडा होतो. बिघाड नवी पेटी उघडल्याच दिवशी सुरू झाला असेल, तर जुन्या लॉटची काही काडतुसे झाडून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय.

नळी : अति अस्वच्छता आणि अति स्वच्छता

रिमफायर नळी लवकर झिजत नाही, परंतु चेंबरच्या पुढे, जेथे गोळी पिळदार खाचांत शिरते, तेथे कार्बनचे कडक कडे साठते. काडतूस बसवताना नेहमीपेक्षा अधिक जोर लागू लागला किंवा शेकडो गोळ्यांनंतर ग्रुप हळूहळू मोठा होत गेला, तर संशय या कड्याचा असतो. योग्य द्रावक व मऊ साधनांनी ते काढता येते.

याउलट, वारंवार आणि चुकीची सफाई ही नळीची शत्रू असते. सळई तोंडाकडून खुपसल्यास नळीच्या टोकाची कड, म्हणजे क्राऊन, दुखावते. गोळी नळीला शेवटचा स्पर्श येथेच करते. या कडेवर एका बाजूला ओरखडा असला, तरी मागून सुटणारा वायू गोळीला एकीकडे रेटतो. म्हणून सळई मार्गदर्शक नळीतून, मागील बाजूनेच घातली जाते. सफाईनंतर पहिल्या काही गोळ्या भरकटणे स्वाभाविक आहे, कारण गोळीवरील मेणासारख्या वंगणाचा थर नळीत पुन्हा जमावा लागतो. त्या गोळ्यांवरून नळीची परीक्षा करू नये.

फायरिंग पिन आणि तज्ज्ञाची वेळ

झाडलेल्या पुंगळ्या फेकून देण्यापूर्वी त्यांच्या कडेवरील ठसे ओळीने मांडून पाहावेत. ठसे उथळ किंवा असमान असतील, तर पिनची स्प्रिंग थकली असावी, पिन झिजली असावी किंवा बोल्टमध्ये तेल घट्ट झाले असावे. आघात कमकुवत झाला की स्फोट एकसारखा होत नाही आणि वेग बदलत राहतो. काही रायफलींत रिकामा ट्रिगर ओढल्यास पिन चेंबरच्या कडेवर आपटून तेथे खाच पाडते. त्यामुळे उत्पादकाची परवानगी असल्याशिवाय तसा सराव टाळला जातो.

क्राऊन पुन्हा कापणे, चेंबर दुरुस्त करणे, नळी बदलणे ही कामे घरी करण्याची नव्हेत. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार शस्त्रांची दुरुस्ती व चाचणी करण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो. त्यामुळे येथे परवानाधारक कारागीर हाच मार्ग उरतो. त्याच्याकडे जाताना नोंदवही सोबत असणे फायद्याचे. तारीख, तापमान, वारा, काडतुसाचा लॉट, सफाईनंतर झाडलेल्या गोळ्यांची संख्या आणि ग्रुपचे माप एवढ्या नोंदी नियमित असल्या, तर बिघाड कोणत्या दिवशी आणि कोणत्या बदलानंतर सुरू झाला, हे बहुतेक वेळा त्या वहीतच सापडते.