वेब फीड

संकेतस्थळावर वेळोवेळी प्रसिद्ध होणाऱ्या नव्या मजकुराची, संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपातील सूची. वृत्तपत्र, संशोधन-नियतकालिक वा शासकीय कार्यालय आपल्या संकेतस्थळावर एक फाइल ठेवते. तीत प्रत्येक नोंदीचे शीर्षक, दिनांक, दुवा व सारांश, क्वचित संपूर्ण मजकूर, बहुधा एक्सएमएल भाषेत दिलेला असतो. वाचकाच्या संगणकावरील वा भ्रमणध्वनीवरील ‘फीड रीडर’ ही आज्ञावली ठराविक अंतराने ती फाइल तपासते आणि नव्या नोंदी तेवढ्या त्याच्यापुढे मांडते.

ई-मेलने येणाऱ्या वार्तापत्राहून ही पद्धत मुळातच भिन्न आहे. ई-मेलमध्ये पाठविणाऱ्याजवळ वाचकाचा पत्ता असावा लागतो. फीडमध्ये वाचकाजवळ प्रकाशकाचा पत्ता असतो. हा भेद किरकोळ भासला, तरी फीडचे बहुतेक फायदे त्यातूनच उद्‌भवतात. एकदा दिलेला पत्ता पुढे कोणाच्या हाती जाईल, यावर वाचकाचा ताबा राहत नाही. वार्तापत्र थांबविण्याची विनंती मान्य करणे हेही पाठविणाऱ्याच्याच हाती असते. उलट, फीड वापरणाऱ्याने आपल्या यादीतील एक ओळ पुसली, की संबंध संपतो. शिवाय नियमित वार्ता खाजगी पत्रव्यवहारात मिसळत नाहीत, किंवा नको असलेले टपाल समजून परस्पर गाळल्याही जात नाहीत. अर्थात प्रकाशकाच्या सर्व्हरला वाचकाचा आयपी पत्ता सामान्यतः कळतोच. तेव्हा फीड म्हणजे पूर्ण गुप्तता नव्हे. बातमी तत्क्षणी न मिळता पुढील तपासणीच्या वेळी मिळते, ही आणखी एक मर्यादा होय. वारंवार तपासणीचा भार मात्र फारसा पडत नाही, कारण फाइल बदललेली नसल्यास सर्व्हर ती न पाठविता ‘३०४’ या संकेतांकाने तसे कळवू शकतो.

आरएसएस हा फीडचा प्रकार नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये प्रचारात आणला, त्याची २.० ही आवृत्ती २००२ मध्ये निघाली. ॲटम हे पर्यायी मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. फीडला ध्वनिफाइल जोडण्याच्या सोयीमुळे पॉडकास्टचे वितरण शक्य झाले व ते आजही मुख्यतः आरएसएसवर चालते.

गूगल रीडर ही लोकप्रिय सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तथापि वाचकांना आपली यादी अन्य आज्ञावलीत नेता आली. प्रकाशकानेच फीड काढून घेतल्यास असा उपाय उरत नाही. ट्विटरने २०१३ मध्येच आपली आरएसएस फीडे बंद केली.