चाई आणि माझा कंगवा

सबमिशनच्या आठवड्यात केस कापताना कारागीर म्हणाला, "दादा, मागे रुपयाएवढी चाई पडलीय." रूमवर कुणी माझा कंगवा लांब ठेवला, कुणी लसूण चोळायला दिला. चोळला. केस आले नाहीत, कातडी मात्र भाजली!

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, गजकर्ण पसरतं, चाई नाही. यात आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात. मूळ सहसा मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. लहान चट्ट्यात चार ते सहा आठवड्यांनी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. फार पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिब ही गोळी आहे. अमेरिकेत तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. थायरॉइडचा त्रास सोबत असू शकतो, म्हणून माझी तीही तपासणी झाली.

झोप, वेळेवर मेस, प्राणायाम हे मी सुरू केलं. त्यानं मन सावरलं. पण ते औषधासोबत, औषधाऐवजी नव्हे.

तीन महिन्यांनी पांढरी लव आली, मग काळे केस. मित्रांनो, कुणाला चाई पडली तर कंगवा लपवू नका, डॉक्टरांकडे सोबत जा.